पन्हळीतल्या चेंडूसह घराची व्यवस्था

मी, वर्ना इंगबर्ग हावलिक, माहेरची टॉलेफ्सन, वय अडुसष्ट, निवृत्त गणित शिक्षिका, राहणार मिल स्ट्रीट, टोर्वाल्ड, साउथ डकोटा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या टेबलाशी बसून लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदय नाही, असे डॉक्टरांचे म्हणणे आहे. पण मृत्युपत्र करायला कायद्याला डोकेच लागते. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. आजवर ते कोणाला जमलेले नाही. यापूर्वीचे मृत्युपत्र मी रद्द करते. ते वकील ट्वेट यांनी लिहिले होते आणि त्यातले एक वाक्य दीड पानभर चालले होते.

१. माझा अंत्यविधी ल्युथरन चर्चमध्ये व्हावा. पाद्रीबुवांनी थोडक्यात बोलावे. मी कशी होते हे जमलेल्यांना माहीत असेल, आणि ज्यांना नसेल ते केकसाठी आलेले असतील. ऑर्गन वाजवणारी बाई तिसऱ्या कडव्यात चुकेल. कोणी वळून पाहू नये.

२. किरकोळ वस्तू. लेफ्साच्या पातळ पोळ्या भाजायचा तवा, लाटणे आणि पियानो माझी भाची मार्लिस हिला. पियानो तिने वाजवलाच पाहिजे असे नाही. त्यावर फुलदाणी ठेवू नये एवढेच. फळ्यावर वापरायचा लाकडी कंपास माजी मुख्याध्यापक श्री. हॉगन यांना. बास्केटबॉलच्या सरावासाठी माझा बीजगणिताचा तास त्यांनी वर्षानुवर्षे पळवला. त्यांना आता भरपूर वेळ आहे, त्यांनी वर्तुळे काढावीत. शेजारीण आर्डिस ब्रून हिला काहीही नाही. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू शकत नाही असा कायदा आहे, म्हणूनच मी तिला साक्षीदार केले आहे.

३. लांब शिडी. ही गावाच्या अग्निशमन दलाला द्यावी आणि माझ्या मृत्यूच्या दिवशीच द्यावी. अंत्यविधीपर्यंत थांबू नये. कारण पुढे कळेल.

४. घर. मिल स्ट्रीटवरचे राहते घर, पुढचे अंगण, मागची पडवी, पडवीचे छप्पर, छपराची पन्हळ आणि त्या पन्हळीतला बेसबॉलचा चेंडू ही सर्व एकच मालमत्ता समजावी. चेंडू जिवंत आहे. म्हणजे तो ज्या सामन्यातला आहे तो सामना अजून संपलेला नाही. ही गोष्ट कोर्टाला चमत्कारिक वाटेल, म्हणून हकीकत लिहिणे भाग आहे. गावात तिच्या अनेक आवृत्त्या फिरतात, पण त्या सगळ्या पुरुषांनी सांगितलेल्या आहेत.

आमच्या गावाचा त्या काळी पगारी खेळाडूंचा संघ होता. लीग अगदी खालच्या दर्जाची, पण पगार तो पगार. मैदान आमच्या घराच्या पाठीशी होते. डावीकडची बाजू अपुरी पडत होती, म्हणून माझे वडील नील्स टॉलेफ्सन यांनी आपल्या जमिनीची एक पट्टी संघाला वापरायला दिली. अट एकच घातली. ते म्हणाले, "माझ्या घरावर चेंडू मारायचा आणि लोकांनी टाळ्या वाजवायच्या, हे चालायचं नाही. घराला लागलेला चेंडू जिवंत धरायचा. पळा आणि आणा." बेसबॉलमध्ये प्रत्येक मैदानाचे आपले खास नियम असतात आणि सामन्याआधी पंच ते दोन्ही संघांना ऐकवतो. आमच्या मैदानाचा नियम असा की टॉलेफ्सनांचे घर हा मैदानाचाच भाग. पाहुणे संघ हसत. एकदा चेंडू आमच्या धुराड्यावर आदळून परत आला, तेव्हा हसायचे थांबले.

सन १९५३ च्या सप्टेंबरात हंगामातला शेवटचा सामना पाइक रिव्हरच्या संघाशी होता. त्यावर काहीही अवलंबून नव्हते. दोन्ही संघ तळाशी होते. सामना बरोबरीत, शेवटचा डाव, फलंदाजी आमची. फलंदाज होता माझा थोरला भाऊ ऑर्विल. त्याने डावीकडे उंच टोला मारला. चेंडू आमच्या पडवीच्या छपरावर पडला, घरंगळला आणि पन्हळीत जाऊन बसला. ऑर्विल पळत सुटला. तिन्ही बेस पार करून तो होम प्लेटला, म्हणजे फलंदाजाच्या जागी परत पोचला की आम्ही जिंकलो. पाइक रिव्हरचा डावीकडचा क्षेत्ररक्षक आमच्या घराला वळसा घालून पुढे आला आणि त्याने घंटी वाजवली.

दार मी उघडले. मी नुकतीच कॉलेज संपवून घरी आले होते. दारात एक धापा टाकणारा, चिखलाने माखलेला तरुण उभा होता. त्याच्या बुटांना खिळे होते.

"बाई, चेंडू! वर! तुमच्या पन्हळीत!"

"बूट काढा."

"अहो, तो पळतोय! सामना जाईल!"

"गालिचा आईचा आहे. बूट काढा."

"नुसते पुसले तर?"

"खिळे पुसून जातात का?"

तो उंबऱ्यावर बसला. नाडीला गाठ बसली होती. ती मी सोडवली नाही. ती माझी नाडी नव्हती. या प्रसंगाबद्दल ऑर्विलच्या बाजूचे लोक माझे आभार मानतात आणि पाइक रिव्हरचे लोक मला दोष देतात. दोघेही चूक आहेत. मी कोणाचीच बाजू घेतली नाही. आज कोणी तसल्या बुटांनी आले तर आजही तेच सांगेन.

पायमोजे घातलेला तो तरुण जिना चढून वरच्या खिडकीशी गेला. मी त्याच्या मागोमाग गेले, कारण खोली माझी होती. खाली पन्हळीत चेंडू स्पष्ट दिसत होता. पण खिडकीला डासांची जाळी ठोकलेली होती.

"ही फाडतो," तो म्हणाला.

"फाडून बघा," मी म्हणाले. जाळी नवीन होती.

त्याने माझ्याकडे पाहिले, जाळीकडे पाहिले, आणि मग त्याने जे केले ते मला गणिताच्या दृष्टीने फार आवडले. त्याने मूठ वळली आणि चेंडू फेकायच्या पवित्र्यात हात मागे नेऊन तो तसाच उभा राहिला.

ऑर्विल दुसऱ्या बेसवर घसरून आपटला होता आणि तेव्हा कुठे लंगडत तिसऱ्या बेसवर पोचला होता. त्याने वर पाहिले आणि तो तिथेच थांबला. या पोराचा हात जबरदस्त होता. त्याच सामन्यात त्याने आमचा एक गडी दूरवरून फेकून बाद केला होता. ऑर्विल धावला असता आणि चेंडू आला असता, तर सामना हातचा जात होता. मुठीत चेंडू आहे की नाही हे जाळीमुळे दिसेना. आमचे लोक ओरडत होते, "पळ रे! रिकामी मूठ आहे!" पाइक रिव्हरचे ओरडत होते, "पळ की! मग बघ!" ऑर्विलचा कोणावरच विश्वास बसेना. शेवटी त्याने मला हाक मारली.

"वर्ना! चेंडू आहे का त्याच्याकडे?"

मी उत्तर दिले नाही. एक तर मी खिडकीतून ओरडणाऱ्यांतली नाही. दुसरे म्हणजे, घर हा मैदानाचा भाग होता आणि मी घरातली होते. कुंपण कधी बोलते का?

"वर्ना! अगं सख्खी बहीण ना तू!"

कुंपणाला भाऊ नसतो. पाइक रिव्हरचे बाकीचे खेळाडू वडिलांकडे शिडी मागायला गेले. वडील म्हणाले, "घर मैदानात आहे. शिडी नाही." असे ते दोघे, एक तिसऱ्या बेसवर आणि एक माझ्या खिडकीत, अंधारू लागेपर्यंत एकमेकांकडे बघत उभे राहिले. मध्ये आईने वर कॉफी पाठवली. त्याने डाव्या हाताने प्यायली. मैदानावर दिवे नव्हते. चेंडू दिसेनासा झाल्यावर पंच गस मेहाफी यांनी टोपी काढली आणि जाहीर केले, "सामना स्थगित. चेंडू जिवंत. पुढे सुरू होईल तो याच जागेवरून." नियम तसाच आहे. पुढे सुरू होणार होता तो वसंतात. पण हिवाळ्यात लीगच मोडली. लीग बंद करताना आमचा सामना बंद करायचा मात्र कोणाला आठवले नाही.

जाळीतून चेंडू फेकणार तरी कसा, हा प्रश्न ऑर्विलला नोव्हेंबरात पडला.

त्या तरुणाचे नाव एमिल हावलिक, नुकताच सैन्यातून सुटलेला. वसंतात तो आपला चेंडू मागायला परत आला. दारात त्याने स्वतःहून बूट काढले. पुढच्या जूनमध्ये आमचे लग्न झाले. लग्नात ऑर्विलने त्याला विचारले, "खरं सांग, मुठीत काय होतं?" एमिल म्हणाला, "सामना संपला की सांगतो." तेव्हापासून माझा भाऊ आणि माझा नवरा एकमेकांशी बोललेले नाहीत. ऑर्विलची बायको वारली, त्यांची मुलगी मार्लिस नोकरीसाठी मिनियापोलिसला गेली आणि ऑर्विल आमच्याकडे राहायला आला. आता दोघे एकाच टेबलाशी जेवतात, एकच वर्तमानपत्र वाचतात आणि सगळे माझ्यामार्फत बोलतात.

"वर्ना, तुझ्या नवऱ्याला सांग, मीठ इकडे सरकव."

"वर्ना, तुझ्या भावाला सांग, डॉक्टरांनी मीठ बंद केलंय."

"त्याला म्हणावं, डॉक्टर माझा आहे, त्याचा नव्हे."

"तिसऱ्या बेसवर उभं राहून रक्तदाब वाढतो, हे सांगितलंस का त्याला?"

तिसरा बेस आज आर्डिस ब्रूनच्या टोमॅटोच्या वाफ्यात आहे. मैदान केव्हाच विकले गेले. उन्हाळ्यात संध्याकाळी ऑर्विल तिथे जाऊन उभा राहतो आणि एमिल वरच्या खिडकीत मूठ वळून उभा राहतो. आर्डिस तक्रार करते. मी तिला सांगते की टोमॅटो नंतर आले.

५. आता व्यवस्था. ऑगस्टात मार्लिस आली होती. माझ्या हृदयाचे तिला कळले होते. मुलगी मनाने चांगली आहे आणि सोबत रंगीत माहितीपत्रके घेऊन आली होती. जेवताना तिने ती हॉटडिशच्या भांड्याच्या बाजूला मांडली.

"आत्या, तू असेपर्यंत ठीक आहे. पण नंतर या दोघांनी या घरात एकट्यांनी कसं राहायचं? बोलतसुद्धा नाहीत एकमेकांशी! बाबांना मी माझ्याकडे नेते. एमिलकाकांसाठी माजी सैनिकांचा आश्रम बघितलाय. छान आहे. तळं आहे तिथे."

"वर्ना," ऑर्विल म्हणाला, "तुझ्या नवऱ्याला सांग, तळ्याकाठी जपून चाल. पोहता येत नाही त्याला."

"वर्ना," एमिल म्हणाला, "तुझ्या भावाला विचार, मिनियापोलिसच्या चौदाव्या मजल्यावरून टोमॅटो दिसतात का?"

मार्लिस म्हणाली, "बघितलंस ना आत्या? कशाला ठेवायचं यांना एकत्र?"

मी बघितले. दोघांनी त्या दिवशी सफरचंदाच्या केकला हात लावला नाही. ऑर्विलने तर आपला तुकडा न बोलता एमिलकडे सरकवला, आणि एमिलने तो परत सरकवला.

मार्लिसला माहीत नसलेली एक गोष्ट मी इथे नोंदवते. गेल्या मे महिन्यातल्या वादळात पन्हळ सुटून खाली आली. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत होते. चेंडू गवतात पडला होता, काळा, फुगलेला, शिवण उसवलेला. एमिल त्याच्यापासून हातभर अंतरावर होता. ऑर्विल त्याच्यासमोर होता, तिसऱ्या बेसपासून कितीतरी लांब. एमिलने वाकून चेंडू उचलला असता आणि ऑर्विलला लावला असता, तर तो बाद होऊन तिथेच निकाल लागला असता. ऑर्विल होम प्लेटकडे धावला असता, तरी लागला असता. ती जागा आता एका गॅरेजच्या दारात आहे आणि दार उघडे होते. दोघे चेंडूकडे पाहत उभे राहिले. मग माझ्या लग्नानंतर पहिल्यांदा ते एकमेकांशी बोलले.

"हात लावू नकोस," ऑर्विल म्हणाला.

"लावतंय कोण?"

"वाऱ्याने पडलाय. वारा खेळात नाही."

"नाहीच मुळी. वारा बाहेरचा."

"मग चेंडू जागेवर गेला पाहिजे."

"गेलाच पाहिजे. पण उचलायचा कोणी? मी उचलला तर तू बाद."

"आणि मी उचलला तर तू गावभर बोंबलशील, धावणाऱ्याने चेंडूला हात लावला म्हणून."

"बोंबलणारच. नियम आहे."

थोडा विचार करून ऑर्विलने बर्फ काढायचे फावडे आणले. एका दांड्याला दोघांनी धरले. चेंडू फावड्यावर घेतला. शिडी लावली, आणि सत्तरीला टेकलेली ती दोन माणसे एकच फावडे धरून एकाच शिडीवर चढली. मी डोळे मिटून घेतले. त्यांनी पन्हळ परत ठोकली, चेंडू तिच्यात ठेवला आणि आत आले.

"वर्ना, पन्हळ बसवली," एमिल म्हणाला.

"वर्ना," ऑर्विल म्हणाला, "तुझ्या नवऱ्याला सांग, खिळा वाकडा गेलाय."

म्हणून मी असे ठरवते की हे घर एमिल व ऑर्विल या दोघांना मिळून, सामना चालू असेपर्यंत राहायला द्यावे. दोघांपैकी कोणीही एकट्याने ते विकू नये, सोडू नये वा दुसऱ्याला काढू नये. चेंडू पन्हळीतून काढला, किंवा ऑर्विल होम प्लेटवर पोचला, तर सामना संपला असे समजावे. मग घर मार्लिसच्या मालकीचे होईल आणि तिने ते विकून दोघांना हवे तिथे पाठवावे. सामना कसा चालू ठेवायचा हे त्यांचे त्यांनी पाहावे. आजवर ते त्यांना उत्तम जमलेले आहे.

६. या मृत्युपत्राची अंमलबजावणी मार्लिसने करावी आणि सामन्याची पंचही तीच असावी. वकील ट्वेट म्हणतात की घर जिला मिळायचे तिलाच पंच नेमणे योग्य नाही. मी बरेच सामने पाहिले आहेत. पंच कोणाच्या तरी बाजूचा असतोच. निदान कोणाच्या ते आधी माहीत असावे. मार्लिस, तुझे वडील एकटे पडतील अशी तुला भीती आहे. मलाही तीच आहे, फक्त मला ती दोघांसाठी आहे. आश्रमाची माहितीपत्रके मी चुलीत घातली.

७. माझी जेवणाच्या टेबलाशी असलेली खुर्ची कोणाला देऊ नये, हलवू नये. एमिलला आणि ऑर्विलला एकमेकांना जे सांगायचे असेल ते त्यांनी खुर्चीला सांगावे. खुर्ची उत्तर देणार नाही. मीही फारसे देत नसे. दोघांनाही ऐकू चांगले येते, त्यामुळे काम अडू नये.

८. बँकेतली शिल्लक छपराची दुरुस्ती, ऑर्विलची औषधे आणि एमिलचा चष्मा यांवर खर्च करावी. पन्हळ मात्र साफ करू नये. आर्डिसचा टोमॅटोचा वाफा आहे तिथेच राहावा अशी माझी तिला विनंती आहे. ही विनंती आहे, मिळकत नव्हे, म्हणून साक्षीदार असली तरी तिला ती ऐकता येईल.

९. दोघांपैकी एक आधी जाईल. जो जाईल तो सामना जिंकला असे मी ठरवते. मार्लिसने ते दफनभूमीत, सर्वांसमोर, मोठ्या आवाजात जाहीर करावे. मागे राहिलेल्याला कलम ५ लागू नाही. घर मरेपर्यंत त्याचे. त्याला हा निकाल मान्य होणार नाही. तो म्हणेल, हा अन्याय आहे, जाळी होती, मूठ रिकामी होती, मी पोचलो असतो, मी बाद केला असता. त्याची तक्रार पंचाने दर रविवारी येऊन, जेवायला बसून, शेवटपर्यंत ऐकून घ्यावी आणि कधीही निकालात काढू नये. मी आयुष्यभर मुलांना शिकवले आणि घरी दोन पुरुष सांभाळले. दुःखी माणूस अंथरुणात पडून राहतो. चिडलेला माणूस सकाळी उठतो, दाढी करतो आणि भांडायला खाली येतो.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, दोन ठिकाणी स्पेलिंग सुधारले आणि खाली नमूद केलेल्या साक्षीदारांदेखत सही केली. त्यांनीही माझ्यादेखत आणि एकमेकांदेखत सह्या केल्या. त्यांपैकी एकीने मजकूर वाचायला मागितला. तिला नकार देण्यात आला.

(सही) वर्ना इंगबर्ग हावलिक

साक्षीदार:
१. (सही) श्रीमती आर्डिस ब्रून, मिल स्ट्रीट, टोर्वाल्ड
२. (सही) डेल क्विग्ली, पत्र्याची कामे, टोर्वाल्ड

स्थळ: टोर्वाल्ड, साउथ डकोटा
दिनांक: ९ ऑक्टोबर १९९९